आधी अक्षराचं माप, मग ई-रीडर

नजर अधू झालेल्या आई-वडिलांसाठी ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायचं उपकरण, घेताना घरोघरी एकच चूक होते. स्वस्त आणि हलकं म्हणून सहा इंची उचललं जातं. कृपया तसं करू नका.

आधी मराठीतला एक उतारा १६, २०, २४ आणि २८ पॉइंटमध्ये छापा. नेहमीचा चष्मा लावून, नेहमीच्या अंतरावरून तो मोठ्याने वाचायला सांगा. घ-ध, भ-म, प-ष यांत घोटाळा होत नाही, अनुस्वार सुटत नाही, ते त्यांचं माप. संध्याकाळी डोळे थकतात, म्हणून एक पायरी वरचं धरा.

आता कागदाचे दोन तुकडे कापा. ९ बाय १२ सेंटिमीटर म्हणजे सहा इंची पडदा, १६ बाय २१ म्हणजे १०.३ इंची. ते उताऱ्यावर ठेवून पाहा. २८ पॉइंटला लहान तुकड्यात ओळीला तीन-चार शब्द आणि पानात सातआठ ओळी, एवढंच मावतं. वाक्य संपायच्या आत पान उलटावं लागतं, आणि मग वाचणंच सुटतं. ओळी जवळ आणून जागा वाचवू म्हणाल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मोठ्या अक्षराला ३०० पीपीआयची (इंचातल्या ठिपक्यांची) गरज नसते, २२७ही पुरतात. मोठं रीडर मात्र जड असतं, सोबत स्टँड घ्याच.

रीडरमधल्या फाँटच्या पायऱ्या पॉइंटमध्ये नसतात. छापलेला कागद दुकानात न्या आणि पडद्याशेजारी धरून जुळवा. अक्षर ठळक करायची सोय आहे का तेही तिथेच बघा. ई-रीडरचा ई-इंक (कागदासारखा दिसणारा) पडदा कागदाइतका पांढरा नसतो, राखाडी दिसतो, त्यामुळे बारीक रेघांची अक्षरं पुसट वाटतात. पडद्याला स्वतःचा दिवा हवाच. मोतीबिंदूमुळे डोळे दिपत असतील तर काळ्यावर पांढरी अक्षरं करून बघा, अनेकांना ती सोसतात.

त्यांना वाचायची पुस्तकं कोणत्या स्वरूपात आहेत, हेही विचारा. जुनी मराठी पुस्तकं बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात. तिथे फाँट वाढत नाही, पानाचं चित्र तेवढं मोठं होतं आणि ते डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ई-पब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात अक्षर वाढवता येतं, तिथे हा त्रास नाही.

मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) आजारात नजरेचा मधलाच भाग जातो. तिथे ई-इंकचा हट्ट नको. मोठा अँड्रॉइड टॅब घ्या, गूगलचा मराठी आवाज सुरू करा, पुस्तक ऐकता येतं. स्कॅन केलेलं पान मात्र तो आवाज वाचू शकत नाही, आधी ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घेऊन, त्याचा मजकूर करावा लागतो. दृष्टिदोषामुळे छापील वाचताच येत नसेल, तर अशाच वाचकांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन वाचनालयात नावनोंदणी करा.