धुरीनं पडणाऱ्या अळ्या आणि मुळाची खरी कीड

कराड, पलूस, तासगावकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: दाताच्या मुळाशी बारीक अळी असते, भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली की ती पाण्यात पडलेली डोळ्यांनी दिसते. मग रोज मिश्री लावा, मुळं घट्ट होतात. साखर सोडा, गूळ खुशाल खा. दुखायचं थांबलं की कीड मेली समजा. शिवाय आपल्या आजी-पणजीला हा रोग ठाऊकच नव्हता. सोबत पुरावा म्हणून वाटीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या अळ्यांचा व्हिडिओ.

व्हिडिओत दिसतं ते खरंच पडतं, पण दातातून नाही, बीतून. रिंगणी वांग्याच्या कुळातली. या कुळातल्या बीच्या आत कोंब वाकडा, वेटोळा घालून बसलेला असतो. निखाऱ्यावर तेल लावलेली बी पडली की ती तडकते, कोंब उडतो आणि धुराबरोबर पाण्यात येतो. पांढुरका, आकडेबाज, एका टोकाला जरा जाड. बघणाऱ्याला अळीच वाटणार. खात्री करायची तर तोंड जवळ न नेता तीच धुरी नुसत्या वाटीवर धरा. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा आणि जेकब ख्रिस्तियान शेफर या जर्मन अभ्यासकानं 1757 सालीच तो उघडा पाडला होता. आपण अजून फॉरवर्ड करतोय!

मुळाला लागते ती कीड जिवाणूंच्या आम्लाची. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं, त्यात वजनाच्या 96 टक्के खनिज. मुळावर ते नाही. तिथं सिमेंटमचा पातळ थर, त्यात खनिज जेमतेम निम्मं, आणि खाली डेंटिन, म्हणजे दाताचा आतला भाग. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 पर्यंत उतरावा लागतो, मूळ मात्र सहाच्या वर असतानाच झिजायला लागतं. हिरडी जागेवर असेतो मूळ झाकलेलं राहतं. ती खाली सरकली की उघडं पडतं, आणि कीड तिथंच, हिरडीच्या कडेला सुरू होते.

आता मिश्रीचं बघा. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटानं दिवसातून चार वेळा हिरडीवर घासली जाते. निकोटिनमुळे बरं वाटतं, तलफ लागते, आणि हिरडी हळूहळू सरकत जाते. म्हणजे मुळाला जपायचा उपायच मूळ उघडं पाडतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. वर मिश्रीचा काळा थर असा बसतो की खालची कीड दिसत नाही.

तसंही नुसत्या रंगावरून निदान होत नाही. काळाकुट्ट, टणक डाग बऱ्याचदा थांबलेली जुनी कीड असते. पिवळसर-तपकिरी, मऊ लागणारा भाग चालू कीड. म्हणून डॉक्टर सळईनं हलकेच दाबून बघतात. भिजलेल्या चामड्यासारखं लागलं तर काम चालू आहे. दोन दातांच्या फटीतली कीड एक्स-रेत सापडते, पण दाताच्या मानेशी, म्हणजे वरचा भाग आणि मूळ जुळतात तिथं, निरोगी दातातही सावली दिसू शकते. नुसती फिल्म बघून दात कोरायला लावणाऱ्याला सळई लावून बघायला सांगा.

गुळाबद्दल बोललं की आपल्या भागात लोकांना राग येतो. पण गुळातही मुख्य घटक साखरेतलाच सुक्रोज, आणि चिकटपणा जास्त. एकदा पोळीबरोबर खाल्ला तर ठीक. दिवसभर गुळाचा चहा घोट-घोट चालला तर तोंडातलं आम्ल ओसरायला सवडच मिळत नाही.

दुखणं थांबणं ही तर धोक्याची खूण ठरू शकते, कारण आतली नस मेली तरी दुखणं थांबतं. उतारवयात मुळाची कीड पुष्कळदा दुखतही नाही, एक दिवस भाकरीचा तुकडा मोडताना दातच मानेशी तुटतो.

आजी-पणजीबद्दल एवढंच: ब्रिटनमध्ये स्वस्त साखर येण्याआधीच्या शतकांतले सांगाडे तपासले, तेव्हा मोठ्यांच्या दातांत कीड जास्त करून मानेशी, मुळाजवळच सापडली. म्हणजे रोग जुनाच. आज माणसं जास्त जगतात, दातही जास्त टिकतात, म्हणून उघडी मुळंही जास्त. 2019 मधल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात दर दहांमागे सुमारे चार जणांत मुळाची कीड आढळली.

उपाय फार महागडे नाहीत. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, आणि मिश्री बंद. लवकर सापडलेली कीड सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या औषधाच्या थेंबानं थांबवता येते. डाग काळा पडतो, तो चालवून घ्यायचा. खड्डा पडला असेल तर ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरतात. बीपी किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील आणि तोंड कोरडं पडत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना तेही सांगा. लाळ आटली की कीड वेगानं वाढते. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.