वजनाआधी टायर बघा

लेखात म्हटलंय की कमी बजेटमध्ये रोड बाइक (अरुंद टायरची, वेगाची सायकल) घेताना आधी वजन आणि गिअर बघा. रोज ऑफिसला जाणाऱ्यांसाठी हा क्रम मला अजिबात पटला नाही. मी पुण्यात कोथरूडहून बाणेरला सायकलनेच जाते. पहिल्या पावसाळ्यात २३ मिमीच्या टायरवर सारखं पंक्चर. खड्ड्याच्या कडेवर अरुंद टायर दबतो, ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. हवा थोडी कमी असली की झालंच. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: या फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली २८ किंवा ३२ चा टायर बसतो का? मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमला भोकं आहेत का, तेही बघा. पाठीवर लॅपटॉप घेऊन घामाघूम होण्यापेक्षा ते फार बरं.

गिअर शिमानो कंपनीच्या क्लॅरिस या साध्या श्रेणीतले, मागे ८ चक्रं, एवढे पुरतात.

सेकंड हँड घेत असाल तर खिशात फूटपट्टी ठेवा. चेनच्या एका पिनवर शून्य धरलं की नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिन येते. चेन झिजून ती १/८ इंच पुढे सरकली असेल, तर चेनसोबत बहुधा मागची चक्रंही बदलावी लागतील. तेवढे पैसे भावातून नक्की कमी करून घ्या.

आणि ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायची बारीक, लांब नळी) असेल तर छोटा पितळी अडॅप्टर जवळ ठेवाच, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय बसत नाही.