म्हणे, पुरुषाचं नाव घेतल्याशिवाय छापतच नसत!

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: सुरुवातीच्या अमेरिकेत बाईला पुरुषाचं नाव घेतल्याशिवाय पुस्तक छापता येत नसे. ज्या लिहीत त्या मुलींना वळण लावणाऱ्या उपदेशाच्या पोथ्या लिहीत, तेही हौस म्हणून. ते कोणी वाचलं नाही, आणि थोर कादंबरीकार हॉथॉर्नने तर त्यांना ‘खरडणाऱ्या बायकांची टोळी’ म्हटलं.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण या मजकुरातलं शेवटचं वाक्यच आधीच्या एका वाक्याचा गळा धरतं. त्याकडे येईनच.

पुरुषी नावाची गोष्ट इंग्लंडहून उसनी आणलेली आहे. ‘जॉर्ज इलियट’ या पुरुषी नावाने लिहिणारी बाई तिथली, ‘बेल’ आडनावाने लिहिणाऱ्या ब्राँटे बहिणी तिथल्या. अमेरिकेत मर्सी ओटिस वॉरनने १८०५ साली राज्यक्रांतीचा तीन खंडांचा इतिहास स्वतःच्या नावाने काढला. त्याच्याही आधी, १७७३ मध्ये, फिलिस व्हीटली या बोस्टनमधल्या गुलाम तरुणीचा कवितासंग्रह तिच्या नावानिशी लंडनला छापला गेला. तिची अडचण वेगळीच होती. कविता हिच्याच आहेत, असं बोस्टनच्या प्रतिष्ठित पुरुषांनी सह्यांनिशी लिहून दिलेलं पत्रक पुस्तकात घालावं लागलं.

नाव झाकण्याची रीत होती, हे खरं. पण झाकलं जाई ते नाव. बाईपण उघड मिरवलं जाई. हॅना वेब्स्टर फॉस्टरची ‘द कॉकेट’ ही कादंबरी १७९७ मध्ये निघाली, तेव्हा लेखिकेच्या जागी ‘मॅसॅच्युसेट्सची एक स्त्री’ असं छापलं होतं. फॉस्टर १८४० मध्ये वारली आणि तिचं नाव पुस्तकावर आलं ते १८६६ मध्ये! पुढे टोपणनावं आली तीही बायकांचीच: फॅनी फर्न, ग्रेस ग्रीनवुड, एलिझाबेथ वेदरेल. पुरुषाचा आवाज मुद्दाम घेणारी ठळक लेखिका म्हणजे ज्युडिथ सार्जंट मरे. बाईचं मत म्हटलं की लोक वाचण्याआधीच बाजूला सारतात, म्हणून १७९८ च्या ‘द ग्लीनर’ या लेखसंग्रहात ती पुरुष होऊन बोलली, आणि शेवटी तिने स्वतःच मुखवटा काढला.

आता उपदेशाच्या पोथ्या. इथे मात्र जरा बसून बोलायला हवं.

त्या काळी कादंबरी वाचणं हेच मुळात बिघडण्याचं लक्षण मानलं जाई. धर्मोपदेशक आणि शिक्षक त्यावर झोड उठवत. मग कादंबरी लिहिणाऱ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, प्रस्तावनेत ‘ही सत्यकथा आहे, तरुण मुलींच्या हितासाठी आहे’ असं लिहून परवाना काढून घेतला. कीर्तनाला बसलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. पूर्वरंगात निरूपण चालतं, पण मंडळी थांबलेली असतात उत्तररंगातल्या आख्यानासाठी.

सुझॅना रोसनची ‘शार्लट टेम्पल’ घ्या. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी, तिला इंग्लंडहून न्यू यॉर्कला पळवून आणणारा लष्करी अधिकारी, आणि या कामी त्याला मदत करणारी खुद्द तिची शिक्षिका. मुलगी गरोदर राहते, तो दुसरीशी लग्न करतो, भाडं थकल्यावर घरमालकीण तिला हिवाळ्यात घराबाहेर काढते, आणि एव्हाना श्रीमंताची बायको झालेली ती शिक्षिका ओळखही दाखवत नाही. ‘आईबापांचं ऐका’ असा उपदेश पुस्तकात आहेच, जागोजागी आहे. पण वाचून मिटल्यावर डोक्यात उरतं ते दुसरंच: पैसा आणि पाठीशी माणूस नसलेल्या मुलीला कायदा, शेजारी, घरमालकीण सगळे किती झटकन दार लावतात. ‘द कॉकेट’ची नायिका तर लग्न म्हणजे मैत्रीचं थडगं असं पत्रात लिहून मोकळी होते. लेखिका तिला शेवटी मारते, कबूल. पण ते वाक्य काही खोडत नाही.

उपदेश करणाऱ्या सगळ्याच मनातून बंडखोर होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. ‘गोडीज लेडीज बुक’ मासिकाची संपादक सेरा हेल मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर भांडली आणि स्त्रियांच्या मताधिकाराला विरोधही करत राहिली.

दुसऱ्या टोकाला लिडिया मारिया चाइल्ड. काटकसरीचा संसार शिकवणारं तिचं १८२९ चं पुस्तक घरोघरी होतं, त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. मुलांसाठी ती मासिकही चालवी. म्हणजे अगदी नमुनेदार ‘वळण लावणारी बाई’. या बाईने १८३३ मध्ये गुलामगिरी ताबडतोब बंद करा असं पुस्तक लिहिलं, वर गोऱ्याकाळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारा मॅसॅच्युसेट्सचा कायदाही चुकीचा ठरवला. पालकांनी मासिकाची वर्गणी तोडली, पुस्तकांचा खप बसला, बोस्टनच्या नामांकित ग्रंथालयाने पुस्तकं वापरण्याची दिलेली सवलत काढून घेतली. पोथ्या निरुपद्रवी असत्या, तर एवढं कशाला झालं असतं?

हौशीबद्दल दोनच शब्द. हेल पाच मुलं पदरात असलेली विधवा होती. एलिझाबेथ वेदरेल म्हणजे सुझन वॉर्नर. १८३७ च्या मंदीत वडिलांचा पैसा बुडाला म्हणून तिने लेखणी धरली. आणि लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची. फॅनी फर्नने १८५६ मध्ये पुन्हा लग्न करताना आपल्या मिळकतीबद्दल आधी करार करून घेतला. हौशी माणसं असे करार करत नाहीत.

राहिलं ‘कोणी वाचलं नाही’. ‘शार्लट’ १७९१ मध्ये आधी लंडनला निघाली, १७९४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू केरीने ती अमेरिकेत छापली. परदेशात आधी छापलेल्या पुस्तकाला अमेरिकेत स्वामित्वहक्क नव्हता, त्यामुळे जो तो छापखानेवाला ती छापू लागला आणि दोनशेच्या वर आवृत्त्या झाल्या. १८१२ मध्ये केरीने रोसनला कळवलं की खप पन्नास हजारांच्या बराच पुढे गेला असावा. न्यू यॉर्कच्या ट्रिनिटी चर्चच्या आवारात शार्लटच्या नावाची शिळा आहे, आणि कादंबरीतल्या त्या मुलीसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे फुलं ठेवत आले.

हॉथॉर्नचं ते वाक्य बायकांच्या पुस्तकांच्या अशाच खपावरून आलेलं आहे. तेव्हा तो लिव्हरपूलला अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. जानेवारी १८५५ मध्ये त्याने आपल्या प्रकाशकाला, टिकनरला, खाजगी पत्र लिहिलं. तक्रार अशी की या बायकांनी वाचकांना असं वेड लावलंय की आपला निभाव लागायचा नाही. त्या ‘लॅम्पलायटर’च्या इतक्या आवृत्त्या निघतात तरी कशा? मारिया कमिन्सच्या त्या कादंबरीच्या आठ आठवड्यांत ४०,००० प्रती गेल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या ‘स्कार्लेट लेटर’ची पहिली आवृत्ती होती २,५०० ची.

पुढच्याच महिन्यात त्याच टिकनरला त्याने आणखी एक पत्र लिहिलं. तोवर त्याने फॅनी फर्नची ‘रूथ हॉल’ वाचली होती. कादंबरी आपल्याला फार आवडली, ही बाई अंगात सैतान संचारल्यासारखी लिहिते, असं त्यात आहे. हे पत्र मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.