आधी मणिभवन की आधी राजगृह?

माझी भाची लातूरहून येतेय. हातात एकच सकाळ मोकळी, आणि तिला मोठ्या माणसाचं खरंखुरं घर बघायचंय. एवढं बोललो आणि कट्ट्यावर वाद पेटला.

"मणिभवन!" नंदू म्हणाला. "१९१७ ते १९३४, गांधीजी मुंबईत आले की मुक्काम तिथेच. वरची ती खोली बघ. बैठक, चरखा, बस्स. आणि १९३२ च्या ४ जानेवारीला भल्या पहाटे अटक झाली ती त्याच गच्चीवरून."

"पण घर कुणाचं? रेवाशंकर झवेरींचं," प्रकाश म्हणाला. "गांधीजी तिथे पाहुणे. राजगृह बाबासाहेबांनी स्वतः बांधलं, तेही मुख्यतः पुस्तकांसाठी. घर बघायचंय ना तिला?"

शुभाची हरकत होती की राजगृहाचा तळमजलाच बघायला मिळतो, वर कुटुंब राहतं. मला उलट तेच आवडतं. नांदतं घर आहे ते. शिवाय १९५६ च्या डिसेंबरात दिल्लीहून बाबासाहेबांचं पार्थिव आणलं ते इथेच. लोकांची रीघ लागली होती ती या दाराशी. तळमजल्यावर उभं राहिलं की ते आठवतं आणि पाय निघत नाही.

मग मी १४ ऑगस्ट १९३१ काढला. गांधीजी आणि बाबासाहेब पहिल्यांदा समोरासमोर आले ते मणिभवनातच. दुसरी गोलमेज परिषद तोंडावर होती. बाबासाहेब तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहायचे. 'मला मायभूमीच नाही,' असं ते तिथे गांधीजींना म्हणाले. ज्या घराचं एवढं कौतुक आपण करतो, त्याच घरात हे वाक्य उच्चारलं गेलंय. भाचीने ते ध्यानात ठेवून जिना चढावा, आणि त्यानंतर राजगृह बघावं. एकच घर बघून ती परत गेली तर मला चुटपुट लागेल.

नंदू गप्प झाला. प्रकाश मात्र अडून बसला, "क्रम उलटा ठेव. आधी राजगृह."

मला पटलं नाही. ग्रँट रोडला पश्चिमेला उतरायचं, मणिभवन बघून गाडी धरायची, दादरला पूर्वेला बाहेर पडून हिंदू कॉलनी गाठायची. मधल्या प्रवासात तिला त्या भेटीबद्दल बोलायला वेळ मिळेल. मी बरोबर जातोय. प्रकाशलाही राजगृहाच्या दाराशी थांबायला सांगितलंय.