महान खेळाडू चांगला कोच होत नाही म्हणे! मग लॅरी रॉबिन्सनचं काय करायचं?

"महान खेळाडू चांगला कोच होत नाही. ज्याला सगळं आपोआप जमतं, त्याला ते दुसऱ्याला शिकवता येत नाही." हा दावा दर काही महिन्यांनी कुठून तरी फिरून येतो. आपल्याकडे पुरावा म्हणून आचरेकर सर असतात: स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, पण घडवला सचिन. आइस हॉकीवाले याच जागी दोन नावं पुढे करतात, महान खेळाडू असून कोच म्हणून नापास झालेला वेन ग्रेट्स्की आणि पहिल्या नंबरात आलेला स्कॉटी बोमन. वर पुस्ती अशी की एखादा महान खेळाडू कोच म्हणून जिंकलाच, तर ते नशीब. मी हा दावा लॅरी रॉबिन्सनवर घासून बघतो: मॉन्ट्रियल कॅनेडियन्स क्लबचा महान बचावपटू, पुढे कोच.

ग्रेट्स्की झटपट आटपू. 2005 ते 2009 असे चार सीझन तो फिनिक्स कायोटीजचा कोच होता आणि संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही, हे खरं. पण त्या क्लबने 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, हे कोणी सांगत नाही. शिवाय एका माणसावरून नियम काढायचा, तर टो ब्लेक कुठे बसवणार? 1939 साली उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी, आणि पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा कोच म्हणून आठ स्टॅनली कप, म्हणजे लीगची आठ विजेतेपदं.

बोमनची गोष्ट जास्त मजेशीर आहे. डोक्याच्या दुखापतीमुळे त्याचं खेळणं ज्युनिअर पातळीवरच थांबलं, आणि कोच म्हणून त्याने नऊ कप जिंकले. थोर माणूस, वादच नाही. पण 1995 ची फायनल आठवा. एका बाकामागे डेट्रॉइटचा बोमन, दुसऱ्या बाकामागे न्यू जर्सी डेव्हिल्सचा जाक लेमेअर आणि त्याचा असिस्टंट रॉबिन्सन. लेमेअरने खेळाडू म्हणून आठ कप जिंकलेले, रॉबिन्सनने सहा. सात सामन्यांच्या मालिकेचा निकाल: न्यू जर्सी 4, डेट्रॉइट 0. दोघेही एकेकाळी मॉन्ट्रियलला बोमनच्याच हाताखाली खेळलेले!

आता 'आपोआप जमतं'कडे. शेतावर वाढलेल्या रॉबिन्सनला 1971 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) कॅनेडियन्सने विसाव्या क्रमांकावर घेतलं. त्याच दिवशी त्यांनी पहिल्या क्रमांकावर गी लाफ्लर उचलला होता, आणि त्या क्लबच्या निवडींत रॉबिन्सन चौथा होता. मग त्याची रवानगी झाली नोव्हा स्कोशियाच्या दुय्यम संघात. बोलावणं आलं ते 1973 च्या सुरुवातीला. पुढे 1976-77 मध्ये कॅनेडियन्स 80 पैकी फक्त आठ सामने हरले. त्या सीझनला रॉबिन्सन बर्फावर असताना झालेल्या गोलांचा प्लस-मायनस हिशोब (आपल्या संघाचे गोल वजा समोरच्यांचे) होता अधिक 120. विसाव्या क्रमांकावरून तिथपर्यंत पोचणारा माणूस शिकत शिकतच पोचतो.

आणि तो जे शिकला ते सांगता येण्यासारखंच आहे. फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक खेळाडू, पक (रबरी चकती) घेऊन अंगावर येतो तेव्हा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे स्केटिंग करतो. नजर पकवर ठेवली की फसलात. ती ठेवायची समोरच्याच्या छातीवर, कारण काठी हुलकावणी देते, धड सहसा देत नाही. अंतर काठी पोचेल इतकंच. मग मधली वाट बंद करत त्याला हळूहळू कडेच्या बोर्डाकडे न्यायचं. यात जादू कुठली? ही उजळणी आहे, रोजची. 1993-94 मध्ये रॉबिन्सन न्यू जर्सीत बचावपटूंना शिकवायला आला, त्याच सीझनला त्यांच्यातल्या स्कॉट स्टीव्हन्सने 78 गुण (गोल आणि गोलला साहाय्य मिळून) केले, कारकिर्दीतले सर्वाधिक, आणि प्लस-मायनस अधिक 53. सगळं श्रेय रॉबिन्सनचं, असं मी म्हणणार नाही. पण 'शिकवता येत नाही' म्हणणाऱ्याने एवढं बघायला हवं.

लॉस एंजेलिस किंग्जचा हेड कोच म्हणून तो जमला नाही, हा मुद्दा मात्र मला मान्य. 1995 ते 1999, चार सीझनमध्ये प्लेऑफ एकदाच, तेही 1998 मध्ये सेंट लुईसकडून 4-0 असे हरून. त्याच्या पहिल्याच सीझनमध्ये क्लबने ग्रेट्स्कीला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं, तरी आकडे आहेत तसे आहेत.

उरतं नशीब. मार्च 2000 मध्ये साखळीचे आठ सामने उरले असताना डेव्हिल्सने हेड कोच रॉबी फ्टोरेकला काढलं आणि रॉबिन्सनला उभं केलं. संघ आधीच तगडा होता, म्हणून 'आयतं ताट' म्हणतात. ठीक. पण ताट आयतं असतं तर फिलाडेल्फियाविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत ते 3-1 असे मागे पडले नसते. चौथा सामना हरल्यावर हा एरवी शांत असलेला माणूस ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंवर बरसला, कचऱ्याचा डबा लाथेने उडवला. पुढचे तिन्ही सामने डेव्हिल्सने जिंकले, शेवटचे दोन 2-1 असे. (नुसत्या डब्याने सामने जिंकता आले असते, तर आपल्याकडचे कितीतरी कोच विश्वविजेते झाले असते. रोज ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. हा क्वचित ओरडायचा.) मग डलासविरुद्ध सहाव्या सामन्यात दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जेसन आर्नॉटचा गोल आणि कप. त्याच सामन्यात जबर मार बसून पेत्र सिकोरा इस्पितळात पोचला होता. रॉबिन्सनने त्याची जर्सी अंगावर चढवून कप उचलला. पुढच्या वर्षी तो संघाला पुन्हा फायनलला घेऊन गेला, 3-2 ने पुढे होता, आणि सातव्या सामन्यात कोलोराडोकडून हरला. नशिबानेच चाललं होतं म्हणावं, तर ते नेमकं तेव्हाच कुठे गेलं?

शेवटचा टोमणा 2005 चा: पुन्हा डेव्हिल्सचा हेड कोच झाला आणि डिसेंबरमध्येच ताण सोसेना म्हणून सोडलं. सोडलं, खरंय. पण सोडली ती खुर्ची. नंतर तो न्यू जर्सीत आणि मग सॅन होजेत असिस्टंट म्हणून बचावपटूंसोबत उभा राहिला. 2019 मध्ये सेंट लुईस ब्लूजने पहिल्यांदा कप जिंकला तेव्हा 68 वर्षांचा रॉबिन्सन त्यांचा सल्लागार होता. फक्त हेड कोचची खुर्ची मोजणाऱ्यांच्या हिशोबात यातलं काहीच येत नाही.