आधी हाकोदातेला विचारा

जपानमध्ये होन्शू बेटाच्या पार उत्तर टोकाला ओमा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथला ट्यूना देशभर नावाजलेला. २०१९च्या नववर्षाच्या लिलावात ओमाचा २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी येनच्या वर गेला होता. याच गावात २००८ पासून १,३८३ मेगावॅटचा अणुवीज प्रकल्प उभा राहतोय. माझं मत स्पष्ट आहे: समुद्रापलीकडच्या हाकोदाते शहराची संमती घेतल्याशिवाय तिथे इंधन भरता कामा नये.

ही अणुभट्टी नेहमीची नाही. वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं, ते युरेनियममध्ये मिसळायचं आणि पुन्हा जाळायचं. या मिश्र इंधनाला मॉक्स म्हणतात. जपानच्या इतर काही अणुभट्ट्यांत ते एक तृतीयांशापर्यंत वापरतात. ओमात मात्र टप्प्याटप्प्याने सगळा गाभाच मॉक्सचा होणार आहे. साखळी प्रक्रिया ताब्यात ठेवताना मदार असते ती उशिरा बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांवर, आणि प्लुटोनियममध्ये नेमके तेच कमी. म्हणजे चूक सावरायला सवड कमी. रचनेत त्याची तजवीज करता येते, हे मान्य. पण जळून झालेलं मॉक्स साध्या इंधनापेक्षा कितीतरी जास्त काळ तापलेलं राहतं, आणि तेवढा काळ ते सांभाळावं लागतं.

मग हा अट्टहास कशासाठी? जपानच्या नावावर सुमारे ४५ टन प्लुटोनियम आहे, त्यातलं बरंचसं ब्रिटन आणि फ्रान्समध्ये पडून. ते मोंजूसारख्या ब्रीडर, म्हणजे जाळतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या, अणुभट्ट्यांत वापरायचा बेत होता. मोंजूत १९९५ मध्ये सोडियमची गळती झाली आणि २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचा रोक्काशोचा पुनर्प्रक्रिया कारखाना १९९७ मध्ये तयार व्हायचा होता, त्याची तारीख वीसहून जास्त वेळा पुढे ढकलली गेली. आता साठा कमी करून दाखवायचा तर ओमा हवाच. जपानला जवळजवळ सगळं इंधन आयात करावं लागतं, त्यांची विजेची निकड मी नाकारत नाही. पण हिशेब टोकियोचा आणि जोखीम हाकोदातेची, हे मला पटत नाही.

हाकोदाते तिथून जेमतेम २३ किलोमीटरवर. मध्ये डोंगर नाही, फक्त त्सुगारूची सामुद्रधुनी. फुकुशिमाच्या वेळी ४० किलोमीटरवरचं इताते गाव रिकामं करावं लागलं होतं. त्यानंतर ३० किलोमीटरच्या आतल्या पालिकांनी स्थलांतराचा आराखडा करायचा, असा नियम आला. संमती मात्र फक्त ओमा गावाची आणि आओमोरी प्रांताची. पळायची तयारी तुम्ही ठेवा, हो-नाही आम्ही ठरवू! २०१४ मध्ये हाकोदातेने सरकार आणि प्रकल्प उभारणारी कंपनी दोघांवर खटला भरला. अणुप्रकल्पाविरुद्ध एखादी पालिका कोर्टात जाण्याची जपानमधली ही पहिलीच वेळ.

ओमातही सगळे राजी नव्हतेच. एका बाईंनी आपली जमीन शेवटपर्यंत विकली नाही, त्यामुळे अणुभट्टीची जागा सरकवावी लागली. २००६ मध्ये त्या गेल्या. तिथलं लाकडी घर त्यांच्या मुलीने राखलंय. तिकडे जाणारा रस्ता वापरात राहावा, पोस्टमनची ये-जा दिसावी, म्हणून ठिकठिकाणचे लोक त्या पत्त्यावर पत्रं पाठवत आले आहेत. एका घराच्या नकारामुळे आराखडा बदलू शकतो, तर अख्ख्या शहराला साधं विचारायला काय हरकत आहे?

२०११ च्या भूकंपानंतर काम थांबलं तेव्हा जेमतेम ३८ टक्के झालं होतं. ते पूर्ण करायची घाई करण्याआधी ३० किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक पालिकेची संमती कायद्याने बंधनकारक करा. हाकोदाते नाही म्हणालं, तर ते नाहीच धरा.