‘जेलसी’ म्हणजे केवळ हेवा नव्हे
‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’ हे इंग्रजी शब्द कुठेही एकमेकांच्या जागी वापरता येतात, हे एका लेखातील विधान पटले नाही. दुसऱ्याजवळचे आपल्याला हवेसे वाटणे ही ‘एन्व्ही’, म्हणजे हेवा. ‘जेलसी’त मात्र आपले आहे ते कोणी हिरावून नेईल ही धास्तीही येते. एका कथेतील नवरा बायकोबाबत ‘जेलस’ होता, त्याचा अनुवाद मी ‘त्याला तिचा हेवा वाटे’ असा केला. पुढच्याच पानावर तो तिची पत्रे चोरून वाचू लागला, तेव्हा हा हेवा नसून संशय आहे हे ध्यानात आले आणि परिच्छेद पुन्हा लिहावा लागला.

बोलण्यात ‘जेलस’ दोन्ही अर्थांनी चालतो, हे मान्य. पण ‘जेलसली’ जपलेले गुपित म्हणजे डोळ्यांत तेल घालून राखलेले गुपित, तिथे ‘एन्व्ही’ बसतच नाही.